एका होडीवर अकरा नावं

श्रीवर्धनहून परत आल्यापासून गावाकडचा प्रत्येक फोन एकाच प्रश्नानं सुरू होतो, "समुद्र कसा असते वं?" आमचं गाव वाशीम जिल्ह्यात. तिथून समुद्र इतका लांब, की त्याच्याबद्दल कोणीही काहीही सांगितलं तरी खपून जातं. आईला मी सांगितलं, "आपल्या धरणासारखाच, पण पलीकडचा काठ बांधायचा राहून गेलाय." आईला ते लगेच पटलं. म्हणाली, "सरकारी काम."

मी मात्र समुद्र बघायला गेले नव्हते. लोकांना कामधंदा आहे की नाही, हे विचारायला गेले होते. आणि ते विचारण्याचं काम मला टिकेल की नाही, याच काळजीत पूर्ण आठवडा गेला.

झालं होतं असं. मी आठवीत शाळा सोडली. पुढे पनवेलजवळ खेळण्यांचे खोके भरायच्या कारखान्यात लागले. टाळेबंदी आली, कारखाना बंद झाला, आणि टाळेबंदी उठली तरी तो उठला नाही. खोलीत मी आणि रेखा, दोघीच. रेखा नांदेडकडची, बारावी झालेली. तिला एका संस्थेत पाहणीच्या कामासाठी बोलावणं आलं. घरोघरी जाऊन फॉर्म भरायचे, या साथीत कुठल्या गावात किती हात रिकामे झाले ते लिहायचं. रेखानं तिथे माझ्यासाठी शब्द टाकला. तिथले सबनीस सर माझ्याकडे बघून म्हणाले, "आमची अट दहावीची आहे." मग माझा अर्ज वाचून म्हणाले, "पण अक्षर फार सुरेख आहे हो." माझ्या आयुष्यात अक्षरानं पहिल्यांदाच काहीतरी केलं.

जागा मात्र एकच होती. आधी एक आठवडा दोघींनी फिरायचं. रेखानं पेण आणि रोहा, मी रेवस, तळा आणि श्रीवर्धन. जिचं काम बरं, तिला पुढचे सहा महिने जिल्हाभर फिरायचं काम, दुसरीला नमस्कार. ज्या रेखानं मला आत घेतलं, तिच्याशीच आता माझी शर्यत. त्या दिवशी खोलीवर आम्ही दोघींनी एकमेकींना चार-चारदा चहा विचारला.

रेवस

भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला जातात. पाण्यावर बसायची माझी पहिलीच वेळ. फॉर्मची पिशवी मी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवली होती. शेजारच्या बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी मास्क खाली ओढून म्हणाल्या, "बाय, बोटीला धर. पिशवी कुठं पळत न्हाय."

ओहोटीची वेळ होती. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चिखल, असा काळाभोर आणि चकचकीत, की आमच्याकडची काळी जमीन त्यापुढे धुतलेली वाटावी. त्यात पेरलं तर कापूस काय येईल, असं मनात आलं. पेरायला कोणी आत उतरलाच तर त्याला बाहेर कसं काढायचं, हेही लगेच आलं. काळजी करण्यात मी कोणाला हार जाणार नाही.

पहिला फॉर्म बाळारामदादांचा. बंदरावरून माल नेणारा त्यांचा स्वतःचा ट्रक, तो अंगणात उभा, नवऱ्या मुलासारखा लखलखीत. दादा हातात फडकं घेऊन बोनेट पुसत होते. फॉर्मवरचा मुख्य प्रश्न असा होता: गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलं का? मी विचारला.

"ट्रक हाय माझा," दादा म्हणाले.

"चालवला का या आठवड्यात?"

"न्हाय."

"मग?"

"धुतला."

"किती वेळ?"

"रोज तासभर. रविवारी पॉलिश."

आता आली का पंचाईत! तास तर भरला. पहिल्याच फॉर्मला चुकायचं नाही म्हणून मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "त्याचा मोबदला मिळतो का, ते विचारा." मी विचारलं. दादा म्हणाले, "कोन देनार? ट्रक?" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "दोन टाइम जेवन देतंय मी. लिव त्ये."

पुढचा प्रश्न होता, काम शोधत आहात का? यावर दादांनी फडकं खाली ठेवलं. "त्ये हरवलंय व्हय? माझं काम कुठं हाय मला म्हायती हाय. बंदराच्या गेटात उभं हाय. मला आत बोलवत न्हाय, येवढंच."

फॉर्ममध्ये तीन चौकोन होते. काम करतो. काम शोधतो. काम शोधत नाही. 'काम कुठे आहे ते माहीत आहे, पण ते बोलवत नाही' याला चौकोन नव्हता. मी पहिल्या चौकोनात बरोबरची खूण केली, आणि मनाला चैन पडेना म्हणून समासात बारीक अक्षरात दादांचं बोलणं लिहून टाकलं. तिथूनच मला ती खोड लागली.

दुपारी दादांनी खाजणातल्या, खाडीकाठच्या चिखलातून पकडलेले खेकडे माझ्या पानात आले. मी विचारलं, "दादा, हे पकडायला जाता ते काम नाही का?" दादा हसले. "खेकडं पकडनं काम? ती तर मजा." ती मजा ते रोज पहाटे तीन तास करत होते आणि अर्धी गावात विकतही होते. हेही समासात गेलं. खेकडा कसा खायचा हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे जेवणाऱ्यानं जेवण खायचं असतं; इथे आधी त्याच्याशी भांडावं लागतं. माझा खेकडा संपायला पाऊण तास लागला. वहिनी म्हणाल्या, "अजून पंधरा मिनटं खा, म्हंजे तुजाबी येक तास भरंल."

तळा

तळ्याला समुद्र नाही. डोंगर, त्याच्या पायथ्याशी भातखाचरं. भात कापून झालेलं, आणि त्याच ओलीवर वाल पेरलेला. मला बरं वाटलं. शेत म्हणजे ओळखीचं माणूस.

गावाबाहेरच्या एका खाचराच्या बांधावर सहा माणसं ओळीनं बसलेली दिसली. मला वाटलं, मयतीला बसलेत. घाबरत घाबरत विचारलं. तर ते वानरांना हाकलत होते. शेंगा भरल्या की वानरं उतरतात. खाचर एक, वानरं तीन, माणसं सहा. एका वानरामागे दोन माणसं. पोलीस खात्यालाही इतकं जमत नसेल.

खाचर सुलोचनाकाकींचं. ते सहा जण म्हणजे काकींचे यजमान, तीन मुलगे, जावई आणि एक पुतण्या. साथीच्या आधी राखणीला एकटे काका पुरत होते. मुलगे मुंबईत हॉटेलात, पुतण्या रोह्याला कंपनीत, जावई रिक्षावर. एकेक करून सगळे परत आले, आणि काकींनी कोणाला रिकामं बसू दिलं नाही. बांधावर बसवलं.

थोरला मुलगा बोलताना एकदम मुंबईकर. "मॅडम, माझं लिहा, रजेवर."

"किती दिवस?"

"दहा महिने."

"हॉटेल उघडलं का?"

"हॉटेलात आता मोबाइलचं दुकान आहे."

"मग रजा कसली?"

तो वानरांकडे बघायला लागला. धाकट्यानं हळूच सांगितलं, "त्याच्या लग्नाचं चाललंय. रजेवरच लिहा."

त्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी घरं पालथी घातली, पण 'मी बेकार आहे' असं एकाही माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं नाही. कोणी रजेवर होतं, कोणी घरच्यांना हातभार लावत होतं, कोणी 'सध्या गावाला आलोय' म्हणत होतं. आमच्याकडेही हेच. कारखाना बंद झाल्यावर मी आईला चार महिने सांगत होते, मशीन दुरुस्तीला गेलंय. त्यामुळे मी कोणाला जास्त छेडलं नाही. बांधावरच्या सहाही जणांना 'काम करतो' लिहिलं आणि समासात वानरं तीन, हेही लिहिलं.

काकींनी त्या दुपारी माझ्यासाठी पोपटी लावली. एरवी ती संध्याकाळी लावतात, पण माझी गाडी होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे, वरून पुन्हा पाला कोंबायचा, आणि मडकं जमिनीवर उलटं ठेवून त्याच्याभोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. आमच्याकडे हुरडा भाजतात तेव्हा एक जण भाजतो आणि दहा खातात. इथे पोपटी सहा जण भाजत होते. एक पेंढा सारणारा, एक काटक्या देणारा, एक फुंकणारा, एक झालं का बघणारा, एक अजून नाही म्हणणारा. थोरला नुसता उभा होता. तो रजेवर होता. मडकं फोडलं तेव्हा जो वास सुटला, तो मी फॉर्ममध्ये लिहू शकले नाही आणि इथेही मला जमत नाहीये. मी पाचव्या अंड्याला नको म्हणाले, तेही उगाच.

श्रीवर्धन, कोळीवाडा

श्रीवर्धनची सुपारी प्रसिद्ध, असं रेखानं सांगितलं होतं. मी वाड्यांमध्ये गेले तर झाडं आडवी. जूनमधल्या वादळानं एकेक वाडी कंगव्याचे दात मोडावेत तशी करून टाकली होती. नवी रोपं गुडघ्याएवढी. सुपारी सोलायच्या कामावर जी माणसं वर्षानुवर्षं होती, त्यांना सोलायला सुपारीच नव्हती. आधी साथ, मग वादळ. पर्यटकांसाठी ज्यांनी खोल्या बांधून ठेवल्या होत्या, त्यांच्या खोल्यांत पर्यटक येईनात म्हणून आता जाळी ठेवलेली.

तशाच एका खोलीत जाळ्यांच्या ढिगाशेजारी माझी सोय झाली. घर धर्मा तांडेलांचं. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, पाण्यावर ज्याचा शब्द शेवटचा. घरात मात्र शेवटचा शब्द त्यांच्या बायकोचा, हिरामावशींचा. पहिला आणि मधलाही.

मावशींचा फॉर्म मी पहिल्याच सकाळी घेतला. त्या ओट्यावर जवळा निवडत होत्या.

"मावशी, गेल्या सात दिवसांत काही काम केलंत?"

"न्हाय गो. मी घरीच."

"आत्ता हे काय करताय?"

"ह्ये? ह्यो जवला हाय."

"काल काय केलं?"

"काल मासली घेऊन बाजारात गेलती. मंग बोंबील वर घातलं. मंग भाकऱ्या केल्या. मंग ह्यांचं जालं शिवाया बसली."

"मग हे काम नाही का?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना श्वास घेता का असं विचारलंय. "काम पुरुष करतात गो. समुद्रावर जातात."

त्या दिवसापासून मी प्रत्येक बाईला प्रश्न तीनदा विचारू लागले. पहिल्यांदा उत्तर येतं, घरीच. दुसऱ्यांदा हसू येतं. तिसऱ्यांदा खरं काय ते येतं.

दुसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. होडी बघायला मी पुढे गेले, आणि एक लाट कसलीही सूचना न देता माझ्या कमरेपर्यंत आली. आमच्या धरणाचं पाणी असं आपणहून माणसाकडे येत नाही. मी बसकण मारली, पिशवी भिजली, आणि मी तिथेच रडायला लागले. सहा महिन्यांचं काम माझ्या डोळ्यांदेखत ठिबकत होतं. हिरामावशी आल्या, त्यांनी एक-एक फॉर्म सोडवला आणि बांबूंना बांधलेल्या दोरीवर, जिथे बोंबील सुकत होते, तिथे मधे मधे टांगून टाकला. एक बोंबील, एक फॉर्म, एक बोंबील, एक फॉर्म. शाई बॉलपेनाची, म्हणून अक्षर वाचलं. वास मात्र कायमचा राहिला.

जेवायला तांदळाची भाकरी. इतकी पांढरी आणि मऊ, की पहिल्या दिवशी मला वाटलं, घरात कोणी आजारी आहे. आम्हाला ज्वारीची सवय. पण बोंबलाच्या कालवणात ती बुडवली की ज्वारीची आठवण आपण होऊन उठून बाहेर जाते.

आता होडीची गोष्ट. धर्मा तांडेलांना मी विचारलं, "होडीवर किती माणसं काम करतात?"

"अकरा."

होडी मी पाहिली होती. तिच्यात अकरा जण बसले तर मासे कुठे ठेवणार? मी तसं म्हटलंसुद्धा.

"पाच जण आत जातात," तांडेल म्हणाले. "सा किनाऱ्यावर. आज ह्ये पाच, उद्या दुसरं पाच. किनाऱ्यावरचं दोर धरतात, होडी वर वढतात, जालं झाडतात. वाटा अकरालाबी सारखा."

"आधीपासून असंच?"

"न्हाय. आदी पाचच व्हतो. मंग ह्यो माजा भाऊ ममईहून परत आला. ह्यो भाचा, ह्याचं पर्यटकाचं बंद झालं. ह्यो विठ्ठलकाका, ह्याची सुपारी पडली. येनाऱ्याला न्हाय कसं म्हननार?"

"मग मासळी वाढली का?"

तांडेल मोठ्यानं हसले. "समुद्राला म्हायती न्हाय आमी किती जन झालो त्ये. त्यो तेवडीच देतो."

विठ्ठलकाका कोळी नव्हते, आयुष्यभर सुपारी सोललेली. त्यांना पोहता येत नव्हतं, पाण्याची भीती वाटायची. म्हणून त्यांनी कधी आत जायचंच नाही, कायम दोर धरायचा, असं ठरलं होतं. त्यावरून त्यांना रोज ऐकावं लागे. "काका, दोर घट धरा, न्हायतर समुद्र पलून जाईल!"

मी अकरा जणांचे अकरा फॉर्म भरले. सगळ्यांना 'काम करतो, मासेमारी'. समासात जे होतं ते लिहिलं, फोटो काढून सरांना पाठवले, आणि समाधानानं भाकरी खायला बसले. दुसरा घास घेतला आणि सरांचा फोन.

"कांताबाई, साथीच्या आधी या होडीवर पाच, आता अकरा? सगळीकडे कामं गेली आणि तुमच्या कोळीवाड्यात दुप्पट झाली?"

"हो सर. म्हणजे कामं नाही, माणसं."

"तळ्याला एका खाचरावर सहा. इथे एका होडीवर अकरा. तुम्ही घरी बसून तर फॉर्म भरत नाही ना? रेखाचे बघा. एका घरात एक कमावता, बाकीचे बेकार. कसं स्वच्छ. मी शुक्रवारी येतो. मला ते अकरा जण डोळ्यांनी बघायचेत." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "दहावीची अट उगाच नसते हो."

घास तोंडातच राहिला. हिरामावशींनी विचारलं, "काय झालं गो?" मी सगळं सांगितलं. जागा एकच आहे, रेखा आहे, आणि सर मला खोटी समजतायत. मावशी म्हणाल्या, "येऊ दे त्याला. जेवल तरी."

शुक्रवार

सबनीस सर सकाळी नऊला पोचले. पांढरा शर्ट, बुटांत वाळू. आल्या आल्या त्यांनी माझ्या मूळ फॉर्मची फाइल मागून घेतली. फाइल उघडल्याबरोबर त्यांनी नाक वर केलं.

"हा कसला वास?"

"सुकवलेत सर."

"फॉर्म?"

"बोंबलांबरोबर."

सरांनी फाइल हातभर लांब धरली. तेवढ्यात होडी आली. तिच्यात पाच जण. सरांनी मोजले आणि माझ्याकडे बघितलं. मी किनाऱ्यावरचे मोजायला लागले. किनाऱ्यावर दोर धरून फक्त विठ्ठलकाका उभे. म्हणजे सहा. बाकीचे पाच कुठे गेले? मी झाडांमागे बघितलं, जाळ्यांमागे बघितलं. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "येतील, न्याहारीला गेलंत." माझी नोकरी न्याहारीला गेली होती.

मग तांडेलांनी हाळी दिली. कोणी ओट्यावरून उठला, कोणी चहाचा कप हातात घेऊनच आला, भाचा तोंडाला फेस तसाच, ब्रश कानामागे खोचून. सगळे पाण्यात शिरले, होडीला खांदा लावला. "हैय्या!" होडी वर आली. सर मोजतच होते, पण माणसं हलत होती, त्यामुळे एकदा नऊ आले, एकदा बारा.

मासळी वाळूवर ओतली. मांदेली, बोंबील, थोडी कोलंबी, आणि एकच पापलेट. तांडेलांनी वाटे घातले. अकरा माणसांचे, एक होडीचा, एक जाळ्याचा, आणि आणखी एक. होडी आणि जाळ्याचे त्यांनी आधीच बाजूला काढले. आता इथली रीत अशी. वाट्यांकडे पाठ करून एक जण उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस नाव सांगतो. त्याला वाटा दिसत नाही, त्यामुळे कोणाला मोठा, कोणाला छोटा, अशी कुरकुर नाही. आमच्याकडे मटणाचे वाटे करतात तेव्हा वजनकाटा असतो आणि भांडणही असतं.

तांडेल सरांना म्हणाले, "साहेब, तुमी उभं ऱ्हावा. परका मानूस बरा. त्याला कोन कोनाचा म्हायती न्हाय."

"पण मला नावं कुठे माहीत आहेत?"

"तुमच्या हातात लिवलेली हायेत न्हाय?"

सर फाइलकडे बघतच राहिले. मग त्यांनी समुद्राकडे तोंड केलं, होडीच्या अकरा फॉर्ममधला पहिला काढला आणि शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात नाव वाचलं.

"ह्यो कोनाचा?"

"धर्मा."

"हाय!" तांडेलांनी आपला वाटा उचलला.

"ह्यो कोनाचा?"

दुसरं नाव. दुसरा माणूस पुढे आला. तिसरं. चौथं. सर एकेक फॉर्म मागे टाकत होते, आणि प्रत्येक नावाला मागून ओला हात येऊन मासे उचलत होता. माझ्या ओठांवर नावं होती, मी मनात त्यांच्याबरोबर म्हणत होते. ज्या वाट्यात पापलेट होतं, तो आला विठ्ठलकाकांच्या नावावर. असा काही गलका उठला!

"दोरानं पापलेट धरलं वाटतं!"

"काका, घरी नेऊन सोलू नका आता त्याला!"

काका लाजून हसत होते. अकरावं नाव झालं, अकरावा हात आला. वाळूवर एक वाटा उरला.

"हा कोणाचा?" आता सरांनीच विचारलं. "फॉर्म संपले."

"ज्यानं नावं घेतली त्याचा," तांडेल म्हणाले. "त्यानंबी काम केलं."

सर म्हणाले, नको नको. पण त्यांची नजर कोलंबीवर होती. मावशींनी तो वाटा उचलून फॉर्मच्याच पिशवीत घातला. म्हणाल्या, "वास तर आदीच लागलाय."

मावशींच्या ओट्यावर सरांनी चहा घेतला आणि पहिल्यांदाच माझे समास वाचले. ट्रक धुण्याचं वाचून हसले. वानरांचं वाचलं तेव्हा हसले नाहीत. बराच वेळ फॉर्म उलटत राहिले.

"मी चौकोन बघत होतो," ते म्हणाले. "आकड्यात ही सगळी कामावर आहेत. एकाच होडीचं काम अकरा जणांनी वाटून घेतलंय, हे आकड्यात कुठे दिसणार? रेखाचे फॉर्म इतके स्वच्छ होते, मला तिथेच शंका यायला हवी होती. तिनं एकदा विचारलं आणि पहिलं उत्तर लिहिलं." मग फाइल मिटली. "फोनवर बोललो ते विसरा. तुमचं ठरलं, कांताबाई. सहा महिने."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. हात जोडायचे होते, पण एका हातात कप, दुसऱ्यात बशी. आईला सांगायचं वाक्यही मनात तयार झालं. आणि त्याच्या मागोमाग रेखा आली. मला दारातून आत ढकलणारी रेखा. तिलाही खोलीभाडं आणि घरचे फोन चुकले नव्हते.

"आणि रेखा, सर?"

"जागा एकच आहे."

मावशी मांदेली साफ करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "रेखा कोन गो?"

"माझ्या खोलीतली. तिनंच मला हे काम मिळवून दिलं."

मावशींनी सुरी थांबवली. माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "मंग?"

त्या 'मंग'ला उत्तर देणं मला भाग होतं. मी कप-बशी खाली ठेवली. मिळालेलं काम तोंडानं घालवायला निघाले होते, तेही आठवी शिकलेली बाई, सरांसमोर. "सर," मी म्हटलं, "एक आठवडा मी जाईन, एक आठवडा ती. मी तिला तीनदा विचारायला शिकवीन. दिवस अर्धे झाले तरी चालतील."

"अहो, ही काय होडी आहे? ऑफिस आहे ते!"

"त्येच मी म्हनते," मावशी म्हणाल्या. "होडी बुडते तरी. हाफिस काय दोन बायकांनी बुडतंय?"

सरांनी कपात बघितलं, समुद्राकडे बघितलं, पिशवीतल्या कोलंबीकडे बघितलं. "विचारून बघतो," म्हणाले. "पण लेखी काही देऊ नका. तुमचं अक्षर बघून वरचे नाही म्हणू शकणार नाहीत, आणि मग मी अडकेन."

मंगळवारी त्यांचा फोन आला. दोघी. आठवड्याआड.

रेखा आधी रागावली, की तिला न विचारता तिच्यासाठी मागितलंच कसं. मग तिनं माझे बोंबलाच्या वासाचे फॉर्म वाचायला घेतले आणि वानरांपाशी पोचल्यावर खो-खो हसली. काल ती म्हसळ्याला गेली. पुढच्या सोमवारी मी मुरुडला निघेन. मधल्या या सात दिवसांत मी तिचे जुने फॉर्म नीट उतरवून ठेवतेय, खोली सांभाळतेय, आणि उरलेल्या वेळात हे लिहून काढलं.

मघाशी आमच्या घरमालकीणबाई दारात डोकावल्या. मला भर दुपारी घरात बघून त्यांचा चेहरा पडला. भाड्याची काळजी असेल, किंवा माझीही असेल. म्हणाल्या, "काय ग कांता, पुन्हा काम सुटलं की काय?"

"नाही हो काकू," मी म्हटलं. "रेखा आत गेलीय. मी किनाऱ्यावर आहे."